जनावराची भूल : डॉक्टरांचे इंजेक्शन आणि मालकाचे काम



मध्यंतरी हरभऱ्याच्या शेतीशाळेसाठी एका गावी गेलो होतो. कार्यक्रम संपला, चहा झाला आणि एक वयस्कर शेतकरी मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, हरभऱ्याचं समजलं. पण एक सांगा. डॉक्टरांनी आमच्या गायीच्या कुशीला वीतभर चीर दिली, आत हात घालून पोटातले खिळे अन् तार काढली, आणि गाय आपली उभीच! कान हालवत होती. मग भूल दिली होती का नव्हती?"

शेजारी उभा असलेला एक तरुण लगेच म्हणाला, "आमच्या म्हशीला भूल दिली आणि दुसऱ्या दिवशी तिनं गाभ टाकला. भूल म्हणजे वाईटच."

"कोणी दिली भूल?" मी विचारले.

"येतो एक जण गावात. पाय बघायचा होता म्हशीचा. लाथ मारत होती म्हणून दिलं एक इंजेक्शन."

दोघांचेही प्रश्न खरे होते. गाय उभी होती तरी तिला भूल दिलेलीच होती. आणि म्हशीला जे दिले ते चांगलेच औषध होते, पण ते चुकीच्या वेळी, चुकीच्या हाताने दिले गेले. मी पशुवैद्य नव्हे, कृषी पदविका घेतलेला विस्तार अधिकारी आहे. पण आपल्या गोठ्यात शेतीइतकाच पैसा आणि जीव अडकलेला असतो. म्हणून तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे जाऊन बसलो, सगळे नीट समजून घेतले आणि ते तुमच्यापुढे मांडतो आहे. औषधांची मात्रा यात मुद्दाम दिलेली नाही. मात्रा ठरवणे हे डॉक्टरांचे काम. आपण औषध कशासाठी दिले जाते आणि त्यात आपला वाटा कोणता, एवढे समजून घेऊ.

भूल म्हणजे एक औषध नव्हे

आपण सरसकट 'भुलीचं इंजेक्शन' म्हणतो. प्रत्यक्षात भुलीत तीन वेगळी कामे असतात. पहिले, वेदना बंद करणे. दुसरे, जनावर शांत करणे किंवा झोपवणे. तिसरे, स्नायू सैल करणे. एकच औषध ही तिन्ही कामे क्वचितच नीट करते. म्हणून डॉक्टर कामाप्रमाणे औषधे निवडतात, कधी दोन-तीन मिळून देतात.

माणसाच्या ऑपरेशनमध्येही असेच असते. झोपेसाठी वेगळे औषध, वेदनेसाठी वेगळे, स्नायूंसाठी वेगळे. झोपेसाठी आज सर्रास वापरले जाणारे प्रोपोफॉल दुधासारखे पांढरे दिसते, कारण ते सोयाबीनच्या तेलात मिसळून तयार केलेले असते. आपल्या सोयाबीनचा असाही एक उपयोग!

या सगळ्यातून एक गोष्ट पक्की ध्यानात धरा : जनावर गप्प उभे आहे म्हणजे त्याला दुखत नाही, असे नव्हे. शांत करणे वेगळे आणि बधिर करणे वेगळे. पुढचे सगळे या एका वाक्यावर उभे आहे.

लिग्नोकेन : जागा बधिर करणारे

गायी-म्हशींच्या बहुतेक शस्त्रक्रियांमध्ये मुख्य औषध हेच. १९४३ साली स्वीडनमध्ये ते प्रथम तयार झाले आणि आजही खेड्यातल्या दवाखान्यापासून शहरातल्या दंतवैद्यापर्यंत सगळीकडे वापरात आहे.

याचे काम सोपे आहे. शरीरातल्या मज्जातंतू म्हणजे टेलिफोनच्या तारा समजा. जखमेची खबर या तारेवरून मेंदूकडे जाते. लिग्नोकेन त्या तारेच्या भोवती टोचले की खबर मध्येच थांबते. मेंदू जागा, जनावर जागे, पण त्या जागेची वेदना पोहोचत नाही. पाच-दहा मिनिटांत असर सुरू होतो आणि साधारण तास-दीड तास टिकतो. कधी त्यात थोडे अ‍ॅड्रेनॅलिन मिसळतात. त्याने तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध लवकर वाहून जात नाही आणि असर जास्त वेळ राहतो.

पोटातली तार काढायची असेल तर डाव्या कुशीवर, चीर द्यायच्या जागेभोवती ओळीने इंजेक्शने देतात, किंवा पाठीच्या मणक्याजवळ त्या भागाला जाणाऱ्या मज्जातंतूच बधिर करतात. त्या वयस्कर शेतकऱ्याच्या गायीला हेच केले होते. शिंगाचे काम असेल तर डोळा आणि शिंगाचे मूळ यांच्या मधून शिंगाकडे जाणारी मज्जातंतू बधिर करतात. मायांग बाहेर पडले असेल किंवा गाय अडली असेल तर शेपटीच्या मुळाशी, मणक्यांच्या फटीत औषध देतात. थोड्याच वेळात शेपटी लुळी पडते आणि जनावराचे जोर करणे थांबते. मग मायांग आत बसवता येते. इथे मात्रा जास्त झाली तर मागचे पाय गळून जनावर खाली बसते. म्हणून हे काम जाणकारानेच करायचे.

दोन गोष्टी आणखी. पू झालेल्या, सुजलेल्या जागी लिग्नोकेन नीट लागू पडत नाही. गळू फोडताना जनावर हलले तर 'डॉक्टरांनी औषधच दिलं नाही' असे लगेच म्हणू नका. आणि शेळ्या-करडांना हे औषध सहज जास्त होते. जास्त झाले की झटके येतात. करडू लहान म्हणजे औषधही अगदी थोडे.

झायलाझिन : शांत करणारे

हे १९६२ साली जर्मनीत तयार झाले. आज जगभर जनावरांना शांत करण्यासाठी ते वापरतात. काही मिनिटांत मान खाली जाते, तोंडातून लाळ गळू लागते, जनावर पेंगते. मात्रा जास्त असेल तर खाली बसते. लाथाळ, शिंगाळ जनावरापासून डॉक्टरांचा आणि आपला बचाव यामुळे होतो.

पण या औषधाला गाय-म्हैस फार हळवी आहे. घोड्याला जेवढे लागते त्याच्या दहाव्या हिश्श्यात गाय पेंगते. त्यात बाटल्यांची ताकद वेगवेगळी असते. दिसायला सारखी बाटली, पण एकीत औषध दुसरीच्या पाचपट घट्ट असू शकते. 'मागच्या वेळी एवढंच दिलं होतं' हा हिशेब इथे जीवघेणा ठरतो. शेळ्या-मेंढ्या तर याहून नाजूक. मेंढीच्या फुफ्फुसात पाणी भरण्याचा धोका असतो.

या औषधाने हृदय मंदावते, कोटीपोटाची हालचाल थांबते आणि पोट फुगते. लघवी जास्त होते, त्याला घाबरू नका. मात्र भर उन्हात हे इंजेक्शन धोक्याचे, कारण शरीराला आपले तापमान सांभाळता येत नाही. शक्यतो सकाळी आणि सावलीत.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे झायलाझिनने गर्भाशय आवळते. शेवटच्या तीन महिन्यांतल्या गाभण गाय-म्हशीला ते देणे टाळतात. त्या तरुणाची म्हैस सात महिन्यांची गाभण होती. इंजेक्शन देणाऱ्याने विचारले नाही, यांनी सांगितले नाही. पाय बरा झाला, वासरू गेले.

दुसरी चूकही सर्रास होते. नुसते झायलाझिन देऊन शिंग कापणे, गाठ काढणे. जनावर पेंगलेले असते, ओरडत नाही, मालकाला वाटते काम छान झाले. झायलाझिनने वेदना थोडी कमी होते, पण चीर सोसवेल एवढी नव्हे. चांगला डॉक्टर शांत केल्यावरही लिग्नोकेन टोचतोच. तो 'दोन-दोन इंजेक्शनं' देतो ती बिल वाढवायला नव्हे.

याला उतारा आहे. योहिम्बिनसारखे औषध दिले की जनावर लवकर सावध होते. ते डॉक्टरांच्या पेटीत असते. गावात फिरणाऱ्याच्या पिशवीत असेलच असे नाही.

पूर्ण झोपवणारी औषधे

वासरू, शेळी, कुत्रा यांना कधी पूर्ण झोपवावे लागते. त्यासाठी केटामीन वापरतात. याचा गुण असा की जनावराला वेदना आणि भान राहत नाही, पण डोळे उघडेच असतात. मालक घाबरतो, 'जागं आहे हो!' म्हणतो. ते जागे नसते. केटामीन एकटे दिले तर अंग ताठरते, म्हणून सोबत डायझेपाम किंवा झायलाझिन देतात. हे नियंत्रित औषध आहे, दुकानात कोणालाही मिळत नाही. थायोपेंटोन शिरेतून दिले की क्षणात झोप लागते, पण मात्रा वाढली तर श्वास थांबतो. मोठ्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत आयसोफ्लुरेनसारखी वाफ हुंगवून भूल देण्याची सोय असते.

वाफेची भूल तशी जुनी. १८४६ साली अमेरिकेत बोस्टनला ईथरचा जाहीर प्रयोग झाला, पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये क्लोरोफॉर्म आले. क्लोरोफॉर्मने माणसे का दगावतात याचा शोध घ्यायला निजामाच्या मदतीने १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबादेत दोन चौकशी मंडळे बसली होती. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. त्या काळी खेड्यात मात्र बैल दोरांनी पाडायचा, चौघांनी दाबायचा आणि काम उरकायचे, एवढीच पद्धत. काही ठिकाणी अजूनही तेच चालते. ते बंद व्हायला हवे.

अ‍ॅट्रोपिन : हे तुम्हाला माहीत आहे

फवारणीत विषबाधा झाल्यावर दवाखान्यात जे इंजेक्शन पुन्हा पुन्हा देतात, तेच हे. भुलीच्या वेळी त्याचे काम वेगळे : लाळ कमी करणे आणि मंदावलेल्या हृदयाला सावरणे. कुत्र्याला पुष्कळदा देतात. गायीला मात्र सरसकट देत नाहीत, कारण त्याने लाळ थांबत नाही, घट्ट होते आणि कोटीपोटही मंदावते. गरज पडलीच तर वापरतात.

फवारणीचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी सांगतो.

एक जनावराची. गोचीड मारायला आपण अमिट्राझ लावतो. हे औषध शरीरात गेले तर झायलाझिनसारखाच परिणाम करते. दोन्हींची बेरीज होते. म्हणून गोचिडाचे औषध कधी लावले, ते डॉक्टरांना सांगा.

दुसरी तुमची स्वतःची. माणसाच्या ऑपरेशनमध्ये श्वासनळीत नळी घालताना सक्सिनिलकोलीन नावाचे औषध देतात. त्याने स्नायू काही मिनिटांपुरते सैल पडतात, मग रक्तातले एक द्रव्य त्या औषधाला मोडून टाकते. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉससारखी कीटकनाशके नेमके तेच द्रव्य निकामी करतात आणि ते भरून यायला काही आठवडे लागतात. अशा माणसाचे स्नायू मिनिटांऐवजी तासन् तास सैल राहू शकतात, श्वास यंत्रावर ठेवावा लागतो. तेव्हा घरातल्या कोणाचे ऑपरेशन ठरले आणि त्याने महिन्या-दोन महिन्यांत फवारणी केली असेल, तर भूलतज्ज्ञांना विचारायच्या आधी सांगा.

उपाशी का ठेवायचे?

इथे आमच्या घरची गोष्ट सांगतो.

मी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला होतो. घरच्या बैलाला शिंगाचा कर्करोग झाला. शिंग एका बाजूला कललेले, मुळातून रक्त येत होते. डॉक्टरांनी तारीख दिली आणि सांगितले, आदल्या दिवसापासून वैरण बंद, रात्रीपासून पाणी बंद. वडिलांनी गव्हाण झाडून रिकामी केली. रात्री बैल हंबरत राहिला. त्याच्या जोडीदारासमोर वैरण, याच्यासमोर काही नाही. आईला बघवले नाही. मुक्या जिवाला ऑपरेशनच्या आदल्या रात्री उपाशी कसं ठेवायचं, म्हणून तिने सगळे झोपल्यावर त्याला कडब्याच्या पेंढ्या टाकल्या आणि बादलीभर पाणी पाजले.

सकाळी डॉक्टरांनी विचारले, "काही खाल्लं का?" वडील म्हणाले, "नाही." त्यांना माहीतच नव्हते. आई दारात उभी होती, ती काही बोलली नाही.

बैल पाडला, कुशीवर घेतला. शिंगाचे काम चांगले झाले. पण मध्येच त्याच्या तोंडा-नाकातून हिरवट पाणी आणि कडबा बाहेर आला. त्यातला काही श्वासात गेला. डॉक्टरांनी डोके खाली केले, तोंड साफ केले, औषधे दिली. बैल उठलाही. दुसऱ्या दिवशी ताप आणि धाप सुरू झाली, चौथ्या दिवशी गेला. शिंगाची जखम सुकत आली होती.

आईने हे आम्हाला पुष्कळ महिन्यांनी सांगितले. मी तिला दोष देत नाही. 'उपाशी ठेवा' एवढेच सगळ्यांनी सांगितले होते, का ते कोणी सांगितले नव्हते. मीसुद्धा नाही, आणि मी तर शेतीचे शिक्षण घेत होतो.

म्हणून कारण सांगतो. गायी-बैलाचे कोटीपोट म्हणजे मोठी टाकी. माणसाचे पोट काही तासांत रिकामे होते, कोटीपोट कधीच पूर्ण रिकामे होत नाही. जनावर कुशीवर आडवे केले की ही टाकी छातीकडे ढकलली जाते, फुफ्फुसाला जागा कमी पडते. आत वैरण आंबत असते, वायू तयार होत असतो, पण भुलीत ढेकर येत नाही, पोट फुगते. आणि गिळण्याचे भान नसल्याने वर आलेली वैरण थेट श्वासनळीत जाऊ शकते. उपाशी ठेवल्याने हा धोका संपत नाही, पण पुष्कळ कमी होतो. याच कारणाने डॉक्टर शक्य तिथे गायीचे काम उभ्यानेच करतात.

मोठ्या जनावराला साधारण एक दिवस किंवा जास्त वैरण बंद आणि सुमारे बारा तास पाणी बंद ठेवतात. शेळी-वासराला कमी. दुधावरच्या वासराला फार वेळ उपाशी ठेवत नाहीत. नेमके किती, ते डॉक्टर सांगतील तसे. गाय अडली असेल तर वाट बघायला वेळ नसतो. तेव्हा काय खाल्ले ते खरे सांगा. आणि चुकून कोणी वैरण टाकलीच, तर लाजू नका, सांगून टाका. तारीख पुढे जाईल, बैल राहील.

शस्त्रक्रियेनंतर

जनावराला कुशीवर पडू देऊ नका. छातीवर बसते ठेवा, दोन्ही बाजूंना पोत्यांचा आधार द्या. सावली हवी, कुत्री आणि गर्दी दूर. पूर्ण सावध होऊन नीट गिळू लागेपर्यंत पाणी-वैरण नाही. पोट फुगते आहे असे दिसले की लगेच डॉक्टरांना कळवा. दिलेल्या औषधांनंतर दूध किती दिवस डेअरीला घालायचे नाही, हे विचारून दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.

लिग्नोकेनचा असर उतरला की दुखणे सुरू होते. त्यासाठी मेलोक्झिकॅमसारखे वेदनाशामक देतात. डायक्लोफेनॅक मात्र जनावराला कधीही देऊ नका. ते दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले तर गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होते. आपल्या आकाशातली गिधाडे मुख्यतः यामुळेच संपली. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ साली बंदी आली आणि २०२३ मध्ये केटोप्रोफेन व असेक्लोफेनॅकवरही. माणसाचे डायक्लोफेनॅक गुपचूप टोचणारे आहेत, त्यांना अडवा.

भूल कोणी द्यावी?

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार पशुवैद्यक व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करायचा आहे. पदविकाधारकांना काही किरकोळ सेवा पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली देता येतात. भूल देऊन चिरफाड करणे त्यात बसत नाही. जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा, किंवा फिरत्या पथकासाठी १९६२ या क्रमांकावर फोन करा.

सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांनाही विनंती. गावात एक चांगला, मजबूत खोडा, त्यावर सावली, जवळ पाण्याची सोय आणि दिवा, एवढे असले तरी निम्मी कामे सुरक्षित होतात. जनावर खोड्यात नीट बांधता आले की शांत करण्याचे औषध कमी लागते, कधी लागतही नाही.

डॉक्टर येण्याआधी मालकाने एवढे सांगावे :

१. जनावर गाभण आहे का, कितवा महिना.
२. शेवटची वैरण आणि पाणी कधी दिले, खरेखुरे.
३. गोचिडाचे किंवा जंताचे औषध कधी आणि कोणते दिले.
४. आधी कोणी इंजेक्शन दिले असेल तर रिकामी बाटली दाखवावी.
५. खोकला, धाप, पोटफुगी, हगवण असेल तर तेही.
६. आणि घरातल्या प्रत्येकाला, म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत, उपाशी का ठेवले आहे ते आदल्या संध्याकाळीच समजावून सांगावे.

शेवटचा मुद्दा सगळ्यात सोपा आहे. आमच्या घरी तोच राहून गेला होता.